एक पॉइंट चार

वसमतच्या मोंढ्यात हळद उतरायला लागली
की आमच्या स्टुडिओच्या काचेवर पिवळी पूड बसते.
सकाळी पुसा, दुपारी पुन्हा आहेच.
त्याच सीझनला मी लेन्स घेतली,
पंच्याऐंशीची, एक पॉइंट चार,
एक लाख अठ्ठावीस हजार, चोवीस हप्ते,
पहिला बायकोच्या भिशीतून.

रज्जाकभाईंना दाखवायला नेली.
चाळीस वर्षं एकाच कॅमेऱ्यावर
त्यांनी अर्ध्या तालुक्याचे पासपोर्ट काढले.
हळकुंड पारखावं तशी त्यांनी ती
हातात फिरवली, कानाशी हलवून पाहिली.
"वजन तर हाय," म्हणाले,
आणि चहा सांगितला.

कुरुंद्याच्या लग्नात पहिल्यांदा लावली.
मांडवामागं सगळा पसारा :
टाकीवर चढलेली पोरं, जनरेटर, पत्रावळ्यांचा ढीग,
शुभविवाहातला निखळलेला भ.
लेन्सनं सगळं विरघळवलं.
लाइटच्या माळांचे गोल गोल झाले,
पाण्यावर तेलाचे थेंब पडावेत तसे,
आणि त्यांच्या मधोमध प्रणाली, नवरी,
पापणीचा एकेक केस मोजून घ्या.
नवरदेवाचा मामा म्हणाला, "पुण्याचं काम वाटायलंय."
मला अजून आवडतो तो फोटो,
खोटं कशाला बोलू.
त्याच्यावर मला आठ लग्नं मिळाली.

दिवाळीनंतर केरबा सूर्यतळ आला,
प्रणालीचा भाऊ. चप्पल बाहेर काढून आत आला.
"धुरपतआत्या गेली.
भिंतीवर लावायला फोटो पाहिजे.
आधार कार्डावरचा नको,
त्यात ती चोरावानी दिसायली."

एकवीसशे फोटो, दिवेलागणीपर्यंत.
आत्या कुठंच नव्हती.
म्हणजे होती.
फोटो म्हटलं की मागं सरकणारी बाई ती.
हळदीला मागं, अक्षतांना मागं,
सोळा फ्रेममध्ये एक हिरवट डाग
आणि त्याच्यावर एक गव्हाळ डाग.

मनात आलं, जुनी लेन्स असती तर.
ती सहा हजारांची, बुरशी चढली म्हणून
मी पोराला खेळायला दिलेली.
तिनं नवरीचं नाक जरा फुगवलं असतं,
पण पोरं, जनरेटर, पत्रावळ्या, आत्या,
सगळ्यांना एका पंगतीत बसवलं असतं.

पण हेही पुरतं खरं नाही.
हीच लेन्स आठवर ठेवता आली असती,
आकडा माझ्याच बोटाखाली होता.
काचेला काय कळतंय, नवरी कोण अन् आत्या कोण.
मी तिला सताड उघडी ठेवली,
कारण त्याचेच तर पैसे मोजले होते.

केरबा स्क्रीनला नाक लागेल इतका जवळ आला.
"थांबा. हीच."
मला डाग दिसत होता.
त्याला पदर दिसायला लागला,
उजवा कान उघडा टाकून घेतलेला,
डाव्यानं तिला ऐकू यायचं नाही म्हणून,
आणि कमरेवर ठेवलेला उलटा हात.
"अशीच उभी ऱ्हायची ती. हाच द्या, मोठा करून."
मी म्हणालो, मोठा केला की अजून फुटेल.
"फुटू द्या."

बारा बाय अठरा, फ्रेमसकट नऊशे.
सहाशे घेतले. घेतले मात्र,
हप्ता पाच तारखेला असतो.
त्यांच्या भिंतीवर आता एक डाग आहे,
झेंडूचा हार घातलेला,
आणि परीक्षेला निघालेली लेकरं
त्याच्या पाया पडतात म्हणे.

लेन्स आहे अजून. सात हप्ते राहिलेत.
पूड आत जाऊ नये म्हणून
मोंढ्याच्या दिवसात पिशवीत बांधून ठेवतो.
परवा टेंभुर्णीच्या मांडवात
नवरीला बसवलं, डोळा लावला,
बोट आकड्यावर ठेवून विचारलं,
मागं कोण आहे?

मागूनच एक बाई बोलली,
"कुणी नाही, तुम्ही काढा."